केराबाईच्या पायांवर

आमच्या गल्लीतली पोरं आता मोठी झाली. मला बघितलं की सायकलची घंटी वाजवत ऐटीत पुढं जातात. मी त्यांना तोंडावर सांगते, बाबांनो, तुम्ही सगळे केराबाईच्या पायांवर उताणे-पालथे पडून भोकाड पसरलेले आहात, माझ्यापुढं रुबाब नको. माझी दोन्ही पोरं त्यात आलीच. थोरल्याचं नाक सरळ आहे ते तिच्या बोटांमुळं. धाकट्याचं बसकं राहिलं, कारण तो तिला तोंडाला हात लावू द्यायचा नाही. बापावर गेलाय.

केराबाई बाळ-बाळंतिणीचं तेलपाणी करायची. मंगळवेढ्याकडची. नवरा ज्ञानबा मिलमध्ये लागला तेव्हा सोलापुरात आली, आणि तो छातीच्या दुखण्यानं गेला तरी इथंच राहिली. माझ्या भिंतीला लागूनच तिची खोली. गल्लीतल्या बाकीच्या बायका मला गिरिजाबाई म्हणायच्या. ही मात्र माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठी, त्यामुळं गिरजे म्हणायची आणि वर चार शब्द सुनवायची. मीही काही कमी नव्हते. आमचं भांडण ऐकायला लोक नळावर थांबायचे.

तिचं काम मात्र बघत बसावं असं होतं. न्हाणीत पाट टाकायची, लुगडं गुडघ्यांच्या वर खोचायची आणि दोन्ही पाय समोर लांब करून बसायची. घोट्याला घोटा लावला की दोन्ही नडग्यांच्या मधे बाळापुरती जागा व्हायची. आधी उताणं घ्यायची. तेल जिरवायची, हातापायांची घडी घालून मोकळी करायची, डाळीचं पीठ आणि साय लावायची, कोपरानं पाणी बघायची आणि तांब्यानं सोडायची. मग एका हातानं पालथं. पोर रडून रडून लाल व्हायचं आणि कपड्यात गुंडाळलं की तिथंच डोळे मिटायचं. मी नवी आई होते तेव्हा भीतीनं माझा हात आपोआप पोराखाली गेला होता. केराबाईनं फटकन त्यावर मारलं. "हात काढ आदी. माज्या पायावर हाय त्यो, हवेत न्हाय." पुढं गल्लीत जी जी बाळंत झाली तिनं हा फटका खाल्ला.

त्या पायांना दुखणं कधी लागलं ते तिनं कुणाला कळू दिलं नाही. मला पहिल्यांदा शंका आली, ती न्हाणीतून लवकर उठेना तेव्हा. बाळ नेलं, बाळंतीण गेली, तरी ही आत बसलेली. काय करतेस म्हटलं तर, पाट घासती. पाट कसला घासते, उठायला जमत नव्हतं. एक हात भिंतीला, एक हात पाण्याच्या हंड्याला, आणि दातावर दात. आधी उजवा खुबा धरला. मग दोन्ही गुडघे. सकाळी उठली की पहिली चार पावलं टाकताना तोंडातून जो आवाज यायचा तो मला भिंतीपलीकडून ऐकू यायचा, आणि मी भाकरी थापायची थांबायचे.

जमिनीवर जगणाऱ्या माणसाला गुडघे गेले म्हणजे काय होतं ते खुर्चीवर बसणाऱ्याला कळायचं नाही. चूल खाली, जातं खाली, पाटावरवंटा खाली, जेवायचं खाली. केराबाईनं दगड रचून चूल वर घेतली. जुन्या बाजारातून लोखंडी खाट आणली. उभ्यानं भाकरी करायला लागली. ते सगळं जमलं. पण म्युनिसिपाल्टीच्या संडासात उकिडवं बसायचं कसं? तिनं दुपारनंतर पाणी प्यायचं सोडलं. हे तिनं मला सांगितलं नाही. उन्हाळ्यात, सोलापूरच्या उन्हाळ्यात, तिचे ओठ फुटलेले बघून मी ओळखलं आणि वाट्टेल ते बोलले. ती म्हणाली, "गिरजे, तुला काय जातंय बोलाया. तुला बसता येतंय."

मीच तिला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, गुडघे झिजलेत, खुबाही. मांडी घालू नका, उकिडवं बसू नका, पाटावर बसू नका, जिना चढू नका. बाहेर आल्यावर केराबाई म्हणाली, "मंग ह्येनी मला काय झाडाला टांगून ठिवायचं म्हनत्यात का?" आम्ही दोघी टांग्यात हसत बसलो. घर आलं, टांग्यातून उतरायचं म्हटल्यावर हसू गेलं.

मग एका घरी ती उठूच शकली नाही. बाळ काढून घेतलं आणि दोन बायकांनी काखेत हात घालून तिला ओढून उभी केली, ओल्या लुगड्यानिशी. दुसऱ्या दिवशी त्या घरून निरोप आला, आता आमचं आम्ही बघतो. असल्या गोष्टी गल्लीत पसरायला वेळ लागत नाही. बोलावणी बंद झाली. केराबाई सगळ्यांना सांगायची, मीच सोडलं, कट्टाळा आला. मीही तसंच सांगायचे.

हे सगळं तिनं सोसलं असतं. माझी खात्री आहे. पण वच्छलाला दिवस गेले.

वच्छला ही तिची एकुलती एक लेक. श्रीपूरच्या साखर कारखान्यात नोकरीला असलेल्या जोतीरामला दिलेली. तीनदा राहिलं होतं आणि तिन्ही वेळा पोटातच गेलं होतं. अशी बातमी आली की केराबाई त्या दिवशी कुणाशी बोलायची नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या लेकराला न्हाऊ घालायला जायची. त्या बाळाशी तसंच बोलायची, तसंच हसवायची. घरी येऊन दार लावून घ्यायची. तिची छाती कशाची होती मला ठाऊक नाही. माझ्यानं नसतं झालं.

या वेळी पाचवा गेला, सहावा गेला, सातवा लागला. उन्हाळ्यात जोतीराम वच्छलाला माहेरी घेऊन आला. केराबाईनं लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि त्याच पावली माझ्या दारात आली.

"हिच्या लेकराला मीच न्हाऊ घालनार. दुसरी बाई दारात आली तर तिची तंगडी मोडीन."

"आधी तुझीच मोडलीय ती बघ," मी म्हटलं.

"व्हतीया की सरळ. हाय अजून टाइम."

त्या दिवसापासून तिनं पायांशी जी लढाई मांडली ती मी डोळ्यांनी बघितली. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, एरंडेल, तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी. खाटेवर बसून उजव्या गुडघ्यावर ज्वारीची पिशवी ठेवायची, गुडघा दबून सपाट व्हावा म्हणून. डोळ्यांतून पाणी यायचं, पिशवी काढायची नाही. एकदा मी ताक द्यायला गेले तर खोलीत कुणी नाही. न्हाणीचं दार ढकललं. केराबाई पाटावर पाय लांब करून बसलेली, आणि पायांवर वरवंटा. बारशाला पाळण्यात आधी वरवंटा घालतात ना, तसा फडक्यात गुंडाळलेला. त्याला ती तेल लावत होती. उताणा, पालथा. मला इतकं हसू आलं की ताक सांडलं. ती म्हणाली, "हास, हास. बसाय जमलं की न्हाय बग. उटायचं तेवडं तू बग." मी तिला उठवलं. तिच्या खुब्यात काहीतरी कटकन वाजलं, आणि मी हसायची थांबले.

त्यानंतर तिनं निंगव्वाला बोलावलं. निंगव्वा अक्कलकोटकडची, बिब्बा घालण्यात तिचा हात धरणारं आमच्या भागात कुणी नव्हतं. दाभणावर बिब्बा टोचून ती दिव्यावर धरायची आणि तेल सुटलं की दुखऱ्या सांध्यावर त्याचे डाग द्यायची. केराबाईच्या दोन्ही गुडघ्यांवर तिनं डाग दिले आणि बजावलं, "बिसी नीरू बेडा, केराव्वा. गरम पाणी अजिबात नको. खपली पडू दे." कानडीत आणि मराठीत, दोन्ही भाषांत सांगितलं. मी तिथंच उभी होते.

आता जी बाई जन्मभर प्रत्येक दुखण्यावर कढत पाणी ओतत आली, पोराच्या पोटातला वारा काढायला पाणी, बाळंतिणीच्या कमरेला पाणी, तिला गरम पाणी नको म्हणून सांगणं फुकट होतं. बिब्ब्यानं गुडघा जरा ढिला पडल्यासारखा वाटला. आणखी ढिला करावा म्हणून ती तिसऱ्या दिवशी न्हाणीत बसली, पाय लांब केले आणि गुडघ्यांवरून कढत पाण्याचे तांबे सोडले. गुडघ्यावरचा बिब्बा पाण्याबरोबर नडग्यांवरून घोट्यांपर्यंत उतरला. संध्याकाळपर्यंत पाय सुजून आले आणि फोड धरले. बिब्बा उतला म्हणतात तो असा. जिथं बाळ निजायचं, नेमकी तीच जागा सोलून निघाली.

मी तिला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. बोलून घसा सुकला तेव्हा खोबरं वाटून आणलं आणि लावत बसले. ती भिंतीकडं बघून म्हणाली, "चार दिसात भरतंय की गं." वच्छला नववा महिना घेऊन दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत मला भीती दिसली, आईची काळजी नव्हे, भीती. ते मला आवडलं नाही. पण तीन वेळा रिकाम्या हातानं उठलेल्या पोरीला मी काय नावं ठेवू?

मृग लागला आणि वच्छला बाळंत झाली. मुलगी. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा केराबाईच्या पायांना जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या आणि त्यातून पाणी झिरपत होतं. निंगव्वा बघून गेली. म्हणाली, हे पाणी पोरीच्या कातडीला लागलं तर पोरीलाही उतेल, जपा. मग काय राहिलं? दुसऱ्या गल्लीतली रंभाबाई आली.

रंभाबाई काही वाईट नव्हती. पण केराबाई तिच्याबद्दल पूर्वी म्हणायची, "ती पोरं धुती. न्हाऊ न्हाय घालत." आता तीच रंभाबाई तिच्या न्हाणीत, तिच्या पाटावर बसली, आणि केराबाई बाहेर खाटेवर. मधे एक दार. पोरगी रडायला लागली की केराबाई खाटेवरून ओरडायची, "मान धर गं! आदी पाठ शेक! पानी लई वतू नगं तोंडावर!" रंभाबाई बिचारी व्हय मावशी, व्हय मावशी म्हणायची. चौथ्या-पाचव्या दिवशी वच्छला आतून कडाडली.

"आये, तू गप बस की! तुज्या त्या पायानं माज्या पोरीला काय झालं आसतं म्हंजी?"

केराबाई त्यानंतर कधी ओरडली नाही. मी गेले की माझा पदर ओढून हळूच विचारायची, "टाळू भरली का गं तिनं? मानंच्या वळीतलं पुसलं का?" मी आत डोकावून यायचे आणि भरली, पुसलं म्हणायचे. कधी डोकावत नसे, तरी म्हणायचे.

सव्वा महिना होत आला तेव्हा पायांना नवं कातडं आलं. काळपट डाग राहिले, पण कोरडे. जोतीराम न्यायला येणार त्या दिवशी सकाळी केराबाईनं मला बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर लेकीला विचारलं. मुद्दाम माझ्यासमोर विचारलं असणार, एकटीला नाही म्हणणं सोपं जातं.

"आजच्या दिस घालू का गं मी? एकडाव. पाय बग, भरल्यात."

वच्छला माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, दे गं, मी आहे. वच्छला काही कठोर पोरगी नव्हती. तिनं स्वतः पाणी काढलं, पाट टाकला. आम्ही दोघींनी धरून केराबाईला खाली बसवलं. ते बसवणंसुद्धा सोपं नव्हतं, पण तिनं तोंडातून आवाज काढला नाही. पाय लांब केले. घोट्याला घोटा लावला. उजवा गुडघा पुरता टेकला नाही, खाली बोटभर जागा राहिली. ते तिनं बघितलं, मी बघितलं. वच्छलानंही बघितलं.

पोरगी पायांवर आली. केराबाईनं तेल घेतलं आणि छातीवरून दोन्ही बाजूंना हात फिरवला, आणि खरं सांगते, ती पोरगी रडलीच नाही. आजीकडं टकामका बघत पडली. केराबाई तिच्याशी बोलत होती, काय ते मला ऐकू आलं नाही. मी पाणी आणायला वळले आणि परत बघते तर वच्छला पाटाशेजारी गुडघ्यांवर बसलेली, आणि तिचे दोन्ही हात पोरीच्या खाली, आईच्या नडग्यांवर.

"हात काढ की," केराबाई म्हणाली. मारलं नाही. नुसतं म्हणाली.

"आसू दे, आये."

"काढ गं. माज्या पायावर हाय ती."

"न्हाय काढत मी." वच्छला रडत होती. "तुजा गुडगा थरथरतोय, आये. मला दिसतंय."

केराबाईनं खाली बघितलं. थरथरत होता. तिनं हातातलं तेल आपल्या पोटरीला पुसलं आणि म्हणाली, "बरुबर हाय तुजं. घे तिला. रंभीला बोलीव." वच्छलानं पोरगी झटक्यात उचलून छातीशी धरली. त्या घाईबद्दल मला तिचा राग आला आणि अजून येतो. आणि तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, म्हणून जास्त येतो.

दुपारी टांगा आला. केराबाई खाटेवरून उठली नाही, पाय धरलेत म्हणाली. जोतीराम आत येऊन पाया पडला. बाळंतविडा, शेंगाची चटणी, ज्वारीचं पोतं, सगळं टांग्यात गेलं. त्यांना एस्टी स्टँडवर सोडून मी परत आले तर ती मला म्हणाली, "गड्ड्याला येनार हाय ती."

गड्डा म्हणजे आमच्या सिद्धेश्वराची जानेवारीतली जत्रा. मधल्या दिवसांत वच्छलाला येता आलं नाही. पावसात तान्ह्याला घेऊन प्रवास नको म्हणून सासूनं अडवलं, मग कारखान्याचा सीझन लागला. केराबाईनं तिकडं जावं तर एस्टीची पायरी तिला चढवत नव्हती. आम्ही एकदा स्टँडपर्यंत गेलोही. कंडक्टर भला होता, थांबला, हात दिला. पण खुबा वरच उचलेना आणि मागं लोक खोळंबले. तिनं स्वतःच कंडक्टरला सांगितलं, जा बाबा तू.

मग पुन्हा ज्वारीची पिशवी सुरू झाली. सकाळ-संध्याकाळ. बिब्ब्याला पुन्हा हात लावला नाही, कढत पाण्यालाही नाही. नुसता मिठाचा शेक आणि पिशवीचं वजन. भिंत धरून खाली बसायचं, भिंत धरून उठायचं, पडली तरी मला हाक न मारता. दिवाळीनंतर तिनं मला मुद्दाम बोलावून गुडघा दाखवला. बोटभर जागा राहायची तिथं आता करंगळीसुद्धा जेमतेम जात होती. थरथर कमी झाली होती. मी म्हटलं, अगं, तोवर सात महिन्यांची होईल की पोरगी. ती म्हणाली, "त्येला काय हुतंय? कुनी सहाव्याला बसतं, कुनी आटव्याला. हिची आई नवव्याला बसली. लई आळशी हुती वच्छी." बसायला लागलेलं पोर कुणी पायांवर घेत नाही, हे माझ्यापेक्षा तिला जास्त माहीत होतं. म्हणून तर ती दिवस मोजत होती.

गड्ड्याच्या आदल्या दिवशी सकाळी वच्छला आली. सासूही बरोबर होती. केराबाईनं पहाटेच पाणी तापत ठेवलं होतं, तेल कोमट केलं होतं, डाळीचं पीठ नव्यानं दळून आणलं होतं. न्हाणीत पाट टाकलेला. मी दारातच होते. पोरगी गुटगुटीत झाली होती, मला ओळखायचं कारण नव्हतं, तरी हसली.

वच्छला हौसेनं म्हणाली, "आये, गंमत बग हं." आणि तिनं पोरीला गोधडीवर ठेवून हात काढून घेतले.

पोरगी ताठ बसली. कशाला न टेकता, दोन्ही पाय पुढं पसरून. मग हातानं गोधडी आपटायला लागली. वच्छलाच्या सासूनं टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, दुसरं काय करणार. वच्छला अभिमानानं आईकडं बघत होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि कुणी सांगितलंही नाही. थोड्या वेळानं तिनं पोरीला घमेल्यात बसवून न्हाऊ घातलं. पोरगी पाण्यावर हात मारत होती आणि सगळी न्हाणी भिजवत होती.

पोर बसायला लागलं की आज्या हसतात. केराबाईही त्यांच्यासमोर हसली. मग भिंत धरून उठली, माझ्या घरात आली, आणि माझ्या चुलीपाशी, जिथं कुणी बघणार नाही तिथं, पदर तोंडात कोंबून रडली. मी तिला इतक्या वर्षांत रडताना बघितलं नव्हतं. मी तिची पाठ चोळत राहिले.

"लवकर बसली गं, गिरजे," ती म्हणाली. "जरा थांबायची की."